बाटली नंबर ५३-एन

या लेखाची सुरुवात एका खुनापासून होते. घाबरू नका, खून खोटा होता!

मागच्या सेमिस्टरला हॉस्टेलमधल्या आम्ही चौघी एका ऑनलाइन खेळात उतरलो होतो. खेळ असा की एक काल्पनिक गुन्हा घडलेला आहे, त्याचे पुरावे वेगवेगळ्या देशांतल्या कॉलेजच्या मुलांमध्ये वाटून दिलेले आहेत आणि सगळ्यांनी मिळून दोन तासांत गुन्हेगार शोधायचा. आमच्याकडे साक्षीदारांचे जबाब होते, दुसऱ्या देशातल्या टीमकडे खोलीचे फोटो, तिसऱ्या टीमकडे लॅबचे रिपोर्ट. त्यांची मध्यरात्र आणि आमची मेसची वेळ एकच, त्यात चंद्रपूरचं नेट! तरी वीस मिनिटांत आम्ही गुन्हेगार ठरवून मोकळ्या झालो. जो माणूस त्या ऑफिसात नवीन होता, कुणाचा मित्र नव्हता आणि ज्याने आल्या आल्या जुनी पद्धत बदलली होती, तोच असणार, काहून की दुसरा कोण? उत्तर साफ चुकलं. दुसऱ्या टीमकडच्या एका फोटोत जमिनीवर पडलेली एक वस्तू होती. ती तिथे कशी आली, हा एक प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत आम्ही यावरून भांडत होतो. आमचे एक सर ते ऐकत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की असाच प्रकार खराखुरा घडलाय, आपल्याच मुंबईच्या परळमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या बाबतीत, आणि त्याचा निकाल लागायला दोन तास नाही, पाच वर्षं लागली. त्या माणसाचं नाव वाल्देमार हाफकिन. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, दहावीपर्यंत पुष्कळ इंग्रजांची चरित्रं पाठ केली, पण हाफकिन म्हणजे मला फक्त मुंबईतल्या एका संस्थेचं नाव वाटायचं. ते माणसाचं आडनाव आहे, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणून हा लेख.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन झारच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू व्यापाऱ्याचं. झारच्या राज्यात ज्यू असणं म्हणजे काय, हे त्यांना कॉलेजातच कळलं. १८८१ साली ओडेसामध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्ती वाचवायला जी तरुण पोरं उभी राहिली त्यांत हे होते. जखमी झाले, वर पुन्हा अटक यांनाच! प्राध्यापक इल्या मेच्निकोव्ह मध्ये पडले म्हणून सुटका झाली. हे मेच्निकोव्ह साधे मास्तर नव्हते, पुढे १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. शिष्य हुशार होता, पण धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात प्राध्यापकी मिळणार नव्हती आणि हाफकिन यांनी धर्म बदलला नाही. काही वर्षं तिथल्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात काढली आणि १८८८ साली देश सोडला.

आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. पॅरिसला लुई पाश्चर यांची संस्था होती आणि मेच्निकोव्ह तिथेच होते. पण जागा रिकामी होती ती फक्त लायब्ररीत, सहायक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी तीच घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये जंतू वाढवायचे. प्लेसमेंटमध्ये आपल्या ब्रँचची कंपनी आली नाही म्हणून तोंड पाडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी (मीही त्यात आलेच) हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

त्या काळात कॉलरा, म्हणजे आपली पटकी, युरोपातही माणसं मारत होती. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंची लस तयार केली. प्राण्यांवर ती चालली. आता माणसावर कोण करून बघणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, उतरलं. मग काही मित्रांना टोचली. आपल्या भागातल्या लोकांना यावरून बाबा आमटे आठवतील. वरोऱ्याला आनंदवन उभं करणाऱ्या बाबांनीही कुष्ठरोगाच्या जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं होतं. अशी माणसं वेडी असतात की शहाणी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते आधी भारताचे व्हाइसरॉय होते, आणि भारतात कॉलरा म्हणजे कायमचा पाहुणा. त्यांच्या सुचवण्यावरून हाफकिन १८९३ साली कलकत्त्याला उतरले. पण लोक सुई टोचून घ्यायला तयार होईनात. एक परका गोरा माणूस येतो, अंगात काहीतरी घालतो, कोण विश्वास ठेवणार? २०२१ साली कोरोनाची लस आली, तेव्हा आपल्या गडचिरोलीच्या गावांमध्ये काय काय अफवा होत्या, ते आठवा म्हणजे कळेल. हाफकिन यांनी दोन गोष्टी केल्या. सोबत इंग्रज डॉक्टरांऐवजी इथले बंगाली डॉक्टर घेतले आणि लोकांसमोर सुई आधी स्वतःला टोचून दाखवली.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत सुमारे २०० माणसं राहत होती. एकाच पाण्यावर जगणारी. हाफकिन यांनी त्यांतल्या ११६ जणांना लस दिली. त्यानंतर त्या वस्तीत कॉलऱ्याचे आणखी १० रुग्ण निघाले, ७ दगावले, आणि सगळे लस न घेतलेल्यांपैकी. आज आपण ज्याला कंट्रोल ग्रुप म्हणतो, तोच हा. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर, काहींना लस आणि काहींना नाही, मग मोजा. कलकत्त्याचे तेव्हाचे आरोग्य अधिकारी होते डब्ल्यू. जे. सिम्पसन. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे. दोन-अडीच वर्षांत हाफकिन यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली, मलेरियाने हैराण होऊन युरोपात गेले आणि बरं वाटल्यावर परतही आले.

मग आला १८९६ चा प्लेग. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पुढची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. पुण्यात रँडचे सोल्जर घराघरात शिरले, चापेकर बंधूंनी १८९७ च्या जून महिन्यात रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्या मुंबईत सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये बोलावलं. लॅब म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि एक व्हरांडा. स्टाफ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. आपल्या प्रोजेक्ट लॅबला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

लस बनवण्याची पद्धत मला फार आवडली. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागायचं. गाय किंवा डुक्कर वापरलं तर हिंदू आणि मुसलमान दोघंही लस घेणार नाहीत, म्हणून बकऱ्याचं मांस घेतलं. त्या पाण्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. होय, तूप! त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून दगडाच्या सुळक्या लोंबतात तसे. भरपूर वाढले की ते सगळं तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडं कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचं. हे कार्बोलिक पुढे सगळ्या भानगडीचं मूळ ठरणार आहे. तीन महिने दिवसरात्र काम चाललं. एक सहायक तर मनाने खचूनच गेला, बाकीचेही काही सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तयार झालेली लस परत एकदा स्वतःला टोचली, आणि तीही इतरांना देणार होते त्यापेक्षा जास्त डोस.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी आपखुशीने लस घेतली, त्याहून थोड्या जास्त कैद्यांनी घेतली नाही. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. आगाखान यांनी आपल्या खोजा समाजातल्या लोकांना लस घ्यायला लावली आणि लॅबला जागाही दिली. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीतून राजवाड्यात! शतक संपता संपता भारतात लस घेणाऱ्यांची संख्या ४० लाखांवर गेली. राणी व्हिक्टोरियाने किताब दिला. चरित्र इथे संपलं असतं तर शाळेच्या पुस्तकात छान बसलं असतं.

आता ३० ऑक्टोबर १९०२. जागा पंजाबातलं मुल्कोवाल, आज पाकिस्तानात. पंजाबात प्लेग भयानक पसरला होता आणि सरकारने लाखो लोकांना लस देण्याची मोहीम काढली होती. परळहून खोकीच्या खोकी जात होती. त्या दिवशी मुल्कोवालमध्ये १०७ जणांना लस दिली गेली, पाच बाटल्यांमधून. साधारण आठवड्याने काही लोकांचे जबडे आवळू लागले, अंग धनुष्यासारखं वाकू लागलं. धनुर्वात. एकूण १९ जणांना झाला आणि १९ च्या १९ जण मेले. बाकीच्या चार बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही. हे १९ जण एकाच बाटलीचे होते. त्या बाटलीचा नंबर ५३-एन.

गुन्हा घडला. आता संशयित कोण? परळच्या लॅबचा प्रमुख. रशियातून आलेला, ज्यू, डॉक्टरीची पदवी नसलेला (हाफकिन प्राणिशास्त्राचे होते, मेडिकलचे नव्हे, आणि सैन्यातल्या इंग्रज डॉक्टरांना ते कायम खुपायचं). शिवाय त्याने पद्धत बदललेली! मागणी इतकी वाढली होती की लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी नवीन रीत काढली होती आणि तिच्यात कार्बोलिक अ‍ॅसिड घालणं बंद केलं होतं, फक्त उष्णतेने जंतू मारायचे. वाचताना माझ्या पोटात गोळा आला. आमच्या खेळातला संशयित आणि हा, दोघांचं वर्णन जवळजवळ सारखंच.

सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. समितीने ठरवलं की जंतू बाटलीत परळलाच शिरले, बाटली उघडण्याच्या आधी, आणि कार्बोलिक न घालणं ही गंभीर चूक आहे. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. १९०४ साली ते बिनपगारी रजेवर लंडनला गेले. ज्या अहवालावर त्यांचं आयुष्य मोडलं, तो लोकांसमोर आला जवळजवळ चार वर्षांनी, १९०६ च्या अखेरीस. तोपर्यंत सगळ्या जगाला एवढंच माहीत की हाफकिनच्या लसीने १९ माणसं मेली.

आता जरा पुराव्यांकडे बघू, कारण खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) इथे आहे. तुम्हीही सोबत विचार करा.

पहिली गोष्ट वास. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत वाढले की घाण वास सुटतो. लस देण्याआधी बाटलीचा वास घेऊन बघायचा, अशी हाफकिन यांची सूचनाच होती. ५३-एन उघडल्यावर तिथल्या डॉक्टरांना कसलाही वास आला नव्हता. आणि ती बाटली परळला भरली गेली होती ४१ दिवस आधी. ४१ दिवस जंतू आत वाढत असते, तर वास आलाच असता.

दुसरी गोष्ट वेळ. धनुर्वाताचा जंतू स्वतः माणसाला मारत नाही, त्याने सोडलेलं विष मारतं. जंतू ४१ दिवस बाटलीत असते तर तिच्यात विष तयार होऊन साठलेलं असतं. सुईतून सरळ विषच अंगात गेलं असतं तर लोक लवकर आजारी पडले असते. पण इथे आठवडा लागला. आपल्याकडे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाच्या पायात काटा रुततो, माती जखमेत जाते आणि बऱ्याच दिवसांनी धनुर्वात होतो. तसाच हा वेळ. म्हणजे अंगात गेले ते ताजे जंतू, नुकतेच कुठूनतरी आत आलेले.

तिसरी गोष्ट कार्बोलिक. समितीचं सगळं बोट त्यावर. पण धनुर्वाताच्या जंतूचं बीज फार चिवट असतं. ते पाच टक्के कार्बोलिकमध्येही कित्येक तास तग धरतं. लसीत जुन्या पद्धतीप्रमाणे घालायचं ते अर्धा टक्का. ते घातलं असतं तरी धनुर्वाताचं बीज मेलं नसतं! ज्या गोष्टीने काहीच फरक पडणार नव्हता, ती न केल्याबद्दल माणसाची नोकरी गेली.

आणि चौथी गोष्ट, जी साक्षीत पहिल्यापासून लिहिलेली होती. ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. गावातली माती, गुरांच्या शेणाची, जिथे धनुर्वाताचं बीज हमखास असतं. तो चिमटा ज्योतीवर धरून तापवायला हवा होता. त्याऐवजी तो कार्बोलिकच्या पाण्यात हलवून घेतला आणि त्यानेच बाटलीचं बूच काढलं. बघा, समितीच्या कागदांतच हे होतं. जमिनीवर पडलेली वस्तू! मी हे वाचलं तेव्हा लायब्ररीत मोठ्याने ओरडले होते आणि लायब्ररीवाल्या मॅडमने बाहेर काढलं होतं.

त्या मदतनिसाला दोष द्यायला माझं मन होत नाही. गर्दीत, भरदुपारी, एकामागून एक माणसं उभी, पडलेला चिमटा उचलून धुतला. आपण वर्कशॉपमध्ये याहून वाईट करतो. आणि चिमटाच कारण होता, हे डोळ्यांनी बघणारं कुणी नव्हतं. पण चार पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते आणि समिती दुसरीकडे बघत होती, हे खरंच.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटला जेव्हा मत विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी इतकंच सांगितलं की लस देताना जंतू बाटलीत असावेत, पण ते कधी आणि कसे शिरले ते ठरवता येणार नाही. म्हणजे गुन्हा शाबित नाही. तरी सरकार जागचं हललं नाही.

मग सुरू झालं ते काम, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तेव्हा नेट नव्हतं, व्हिडिओ कॉल नव्हता. पोस्ट होतं, बोटी होत्या आणि छापील मासिकं. अहवाल छापून आल्यावर ते कागद वेगवेगळ्या गावांतल्या शास्त्रज्ञांनी आपापल्या टेबलावर तपासले. पुढे होते रोनाल्ड रॉस. तेच, ज्यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधले आणि १९०२ साली नोबेल मिळवलं. ते तेव्हा लिव्हरपूलला होते. दुसरे आपले कलकत्त्याचे सिम्पसन, आता लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी सगळे पुरावे ओळीने लावून मांडले. बर्मिंगहॅमचे लीथ आले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधून सायमन फ्लेक्सनर आले. मुल्कोवालला यांच्यापैकी कुणी गेलं नाही. बाटली कुणी पाहिली नाही. फक्त कागद, आणि जंतू कसा वागतो याचं ज्ञान.

रॉस यांनी नेचरमध्ये आणि टाइम्समध्ये लिहून सरकारला उघडं पाडलं. त्यांना नुसती हाफकिन यांची काळजी नव्हती. परळहून निघणाऱ्या लसीतच विष असतं असं लोकांना वाटत राहिलं, तर लस कोण घेणार? मुल्कोवालनंतर पंजाबातली मोहीम कोसळलीच होती. आणि १९०७ हे तर भारतातल्या प्लेगचं सगळ्यात भीषण वर्ष, त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं मेली. त्यांतली किती लस घेऊन वाचली असती, हा हिशेब कुणी करू शकत नाही. १९ माणसांच्या मृत्यूचं चुकीचं कारण लिहिलं गेलं, त्याची किंमत अशी मोजली गेली.

२९ जुलै १९०७ रोजी टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्यांनी खोटा ठरतो, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं. लोक या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण म्हणत. फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू कॅप्टनला १८९४ साली खोट्या आरोपावरून देशद्रोही ठरवलं होतं, तो निर्दोष सुटायला १९०६ उजाडलं. दोघांच्या बाबतीत ज्यू असणं किती मोजलं गेलं, हे अहवालात लिहिलेलं नसतं. तशा गोष्टी अहवालात लिहीत नाहीतच.

१९०७ च्या अखेरीस सरकार नमलं. हाफकिन यांना पुन्हा भारतात बोलावलं गेलं. पण परळला नाही! तिथे दुसरा माणूस बसलेला होता. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पद दिलं, आणि माणसांवर लसीचे प्रयोग करायची परवानगी मात्र दिली नाही. ज्याने दोनदा स्वतःवर प्रयोग केले, त्याला कागदावरचं संशोधन करा म्हणाले. निर्दोष सुटलेल्या माणसाशी असं वागतात? मला याचा फार राग आला, सरांना विचारलं, ते नुसते हसले.

पुढचं थोडक्यात. १९१४ साली हाफकिन निवृत्त झाले आणि युरोपात परत गेले. लग्न केलं नव्हतं. उतारवयात धर्माकडे जास्त वळले, ज्यू परंपरा पाळण्याच्या बाजूने लिहिलं, आणि आपली जमा पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांच्या नावे करून ठेवली. १९२७ च्या सुमारास एकदा ओडेसाला जाऊन आले. १९२८ पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात राहिले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच वारले. त्याआधी पाच वर्षं, १९२५ साली, परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं होतं, म्हणजे हयातीतच. १९६४ साली आपल्या पोस्ट खात्याने त्यांचं तिकीट काढलं. सरांकडे ते आहे. वहीच्या पानात सेलोफेनखाली ठेवलेलं, हात लावू देत नाहीत.

आमच्या खेळाची दुसरी फेरी पुढच्या महिन्यात आहे. या वेळी साक्षीदारांचे जबाब दुसऱ्या टीमकडे जाणार आहेत आणि खोलीचे फोटो आमच्याकडे येणार आहेत. प्रत्येक फोटोत जमिनीवर काय काय पडलंय, त्याची यादी करायचं काम मी मागून घेतलंय.